चार धुराड्यांची आगबोट आणि कोंड्याचं पाणी

  

आज हप्ता, व्याज, बँकेचं खातं यातलं काही बोलायचं नाही. आज एका आगबोटीची गोष्ट सांगायची आहे. ही आगबोट आपल्या किनाऱ्याला कधी लागली नाही. ती होती जर्मनीची, धावायची अटलांटिक समुद्रात, आणि तिला भंगारात काढूनही शंभर वर्षं होऊन गेली. मग गटाच्या कार्यक्रमात तिचं काय काम, असं कुणी विचारेल. तर काम असं की, गेले दोन महिने आमच्या बैठकांत एकाच गोष्टीवरून वाद चालला आहे. गटाच्या भातगिरणीत तांदूळ किती पांढरा काढायचा? बाजारात गिऱ्हाईक पांढराशुभ्र तांदूळ मागतं. घरात सुनांना, मुलांना तोच आवडतो. म्हाताऱ्या म्हणतात, त्यात काही राम नाही. कुणाचं खरं, हे शोधताना ही आगबोट आमच्या हाती लागली.

तिचं नाव ‘क्रोनप्रिन्झ विल्हेल्म’. क्रोनप्रिन्झ म्हणजे युवराज. जर्मनीच्या बादशहाच्या थोरल्या मुलाचं नाव तिला दिलं होतं. नॉर्थ जर्मन लॉइड नावाच्या कंपनीने ती बांधून घेतली. मार्च १९०१ मध्ये स्टेटीनच्या गोदीत तिला पाण्यात सोडलं. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात ती पहिल्यांदा अमेरिकेला निघाली. लांबी दोनशे मीटरच्या थोडी वर. आपल्या शाळेचं मैदान दोन वेळा टोकापासून टोकापर्यंत चाला, तरी ही बोट उरेल. वर चार धुराडी. त्या काळी लोक धुराडी मोजून बोटीची पत ठरवायचे म्हणे. चार म्हणजे सगळ्यांत मोठी असामी.

पुढच्याच वर्षी, १९०२ च्या सप्टेंबरात, तिने फ्रान्सच्या शेरबूर्ग बंदरापासून न्यूयॉर्कपर्यंतचं अंतर साडेपाच दिवसांच्या आत कापलं आणि त्या मार्गावरच्या सगळ्यांत वेगवान बोटीचा मान मिळवला. ताशी बेचाळीस-त्रेचाळीस किलोमीटर. आपल्या घाटातल्या एसटीएवढाच वेग म्हणा ना, पण हा समुद्रात, रात्रंदिवस, न थांबता. त्याच वर्षी बादशहाचा भाऊ प्रिन्स हेन्री अमेरिकेच्या भेटीला गेला तो हिच्यातूनच. १९०७ मध्ये ती बर्फाच्या डोंगरावर आदळली. नाक चेपलं, पण बुडाली नाही, प्रवासी घेऊन मुक्कामाला पोचली. टायटॅनिकचं नाव सगळ्यांना माहीत असतं, कारण ती बुडाली. जी बुडत नाही तिची आठवण कोण काढतो?

वरच्या मजल्यांवर श्रीमंतांसाठी रंगवलेली छतं, गालिचे, आरसे, जेवायला मोठी दालनं. पण बोटीत सगळ्यांत जास्त माणसं असायची ती खालच्या, तिसऱ्या वर्गात. हजारावर जागा तिथे होत्या. पोलंड, रशिया, हंगेरीकडची गरीब माणसं, पोटासाठी गाव सोडून निघालेली. त्यात बायका होत्या, कडेवर पोरं होती, गाठोड्यात भांडी होती. कंपनीचा बराचसा धंदा याच लोकांच्या तिकिटांवर चाले. वरचा थाट दिसायला आणि खालची गर्दी पोटाला.

आणि त्याच्याही खाली, कुणाला न दिसणारे, कोळसेवाले. पूर्ण वेगाने जाताना ही बोट दिवसाला पाचशे टन कोळसा खायची. दहा टनांचा एक ट्रक धरला तर पन्नास ट्रक. रोज. तो सगळा माणसांनी फावड्याने भट्टीत घालायचा. आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांतले आजे-पणजे मुंबईहून गोऱ्यांच्या आगबोटींवर खलाशी म्हणून गेले, त्यामुळे ‘बोटीवर आहे’ या शब्दांत किती कष्ट आहेत ते इकडच्या बायकांना सांगायला नको. या जर्मन कोळसेवाल्यांना लक्षात ठेवा. पुढे त्यांचं काम आहे.

तेरा वर्षं अशी ये-जा चालली. मग १९१४ चा ऑगस्ट उजाडला आणि पहिलं महायुद्ध सुरू झालं. क्रोनप्रिन्झ तेव्हा न्यूयॉर्कला होती. जर्मनीने अशा वेगवान बोटी बांधतानाच वेळ पडल्यास त्यांच्यावर तोफा चढवायचं मनात ठेवलेलं होतं. ३ ऑगस्टला ती कोळसा भरून, प्रवासी न घेता निघाली. तीन दिवसांनी बहामा बेटांजवळ ‘कार्ल्सरूहे’ ही जर्मन युद्धनौका तिला भेटली. भर समुद्रात दोघी एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या आणि त्या नौकेवरून दोन तोफा हिच्यावर चढवल्या. पाउल टीरफेल्डर नावाचा आरमारी अधिकारीही तिकडून इकडे आला आणि बोटीचा कप्तान झाला. तेवढ्यात इंग्रजांची युद्धनौका दिसली. दोघी दोन दिशांना पळाल्या.

इथून पुढचे आठ महिने या बोटीचं काम म्हणजे सरळ सांगायचं तर वाटमारी. दक्षिण अटलांटिकमध्ये दबा धरून बसायचं. इंग्रजांचं किंवा त्यांच्या दोस्तांचं मालवाहू जहाज दिसलं की थांबवायचं. त्यावरची माणसं आपल्या बोटीवर आणायची, त्यांचा कोळसा आणि धान्यधुन्य उतरवून घ्यायचं, मग ते जहाज बुडवायचं. माणसांना पुढे दुसऱ्या बोटीने बंदराला पाठवायचं. अशी पंधरा जहाजं तिने पकडली आणि बहुतेक बुडवली. युद्धाच्या मानाने हे थोडं माणुसकीने झालं असं म्हणतात. आम्हाला मात्र ज्यांचं वर्षाचं पोट त्या मालावर होतं त्यांचा विचार आल्यावाचून राहत नाही.

ती बंदरात जाऊ शकत नव्हती, कारण सगळीकडे शत्रू. कोळसा तर हवाच. म्हणून पकडलेल्या जहाजांवरचा कोळसा समुद्रातच, लाटांवर हिंदकळत, पोत्यांनी इकडे आणायचा. ठेवायला जागा पुरेना, तेव्हा तो श्रीमंतांच्या दालनांत ओतला. ज्या गालिच्यांवर रेशमी झगे फिरले, तिथे काळ्या राशी.

आता खाण्याकडे येऊ.

बोटीवर सुमारे पाचशे माणसं होती. उपाशी कुणी नव्हतं. उलट चंगळ होती. ऑक्टोबरात त्यांनी ‘ला कोरेंतिना’ हे जहाज पकडलं. ते अर्जेंटिनाकडून इंग्लंडला गोठवलेलं मांस घेऊन चाललं होतं. मांस इतकं मिळालं की महिनोन् महिने पुरावं. जोडीला मैद्याचा पांढरा पाव, साखर, गोड बिस्किटं, सोललेले उकडलेले बटाटे, लोण्यासारखं दिसणारं मार्गारीन, डब्यातल्या भाज्या, डब्यातलं आटवलेलं दूध, चहा, कॉफी. पकडलेल्या जहाजांवरची दारूसुद्धा. आपल्याकडे लग्नातसुद्धा असं रोज कोण वाढतं? गरीब घरातून आलेल्या त्या कोळसेवाल्या पोरांनी जन्मात असं खाल्लं नसेल. दिवसभर फावडं मारायचं आणि रात्री पोटभर मांस आणि पांढरा पाव.

आणि माणसं आजारी पडायला लागली.

आधी थकवा. मग घोटे सुजायचे. पायऱ्या चढताना दम लागायचा. पोटऱ्या दाबल्या की कळ यायची. पाय बधिर व्हायचे, मग लुळे पडायचे. छातीत धडधड. तरणेताठे, पोलादासारखे गडी भिंतीला धरून चालू लागले. ताप नाही, जखम नाही, साथ म्हणावी तर तसंही नाही. जहाजाचे डॉक्टर पेरेनॉन हे शिकलेले होते, औषधं त्यांच्याकडे होती, पण कशाचा उपयोग होईना. शेवटच्या आठवड्यांत रोज नवीन माणसं अंथरूण धरत होती. एकशे दहा जण आडवे झाले. पाचातला एक.

भट्टी पेटवणारेच पडले तर चार धुराडी काय कामाची? कोळसा संपत आला होता, बोटीत पाणी शिरत होतं, आणि माणसं उभी राहत नव्हती. टीरफेल्डरने अमेरिकेत आसरा घ्यायचं ठरवलं. अमेरिका तेव्हा युद्धात नव्हती. बाहेर इंग्रजांच्या युद्धनौका पहारा देत होत्या. रात्री दिवे मालवून, उरल्यासुरल्या कोळशावर ही बोट त्यांच्यामधून निसटली आणि ११ एप्रिल १९१५ च्या सकाळी व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूज बंदरासमोर आली. २५१ दिवस ती समुद्रात होती. सदतीस हजार मैलांवर फिरली होती, एकाही बंदराला न लागता. एवढ्या दिवसांत शत्रूची एक तोफ तिला लागली नव्हती. तिला हरवलं ते तिच्याच स्वयंपाकघराने.

सरकारी डॉक्टर येऊन बघून गेले. बेरीबेरी, असं निदान झालं. पण गोऱ्या लोकांना हे नाव ऐकून नवल वाटलं, कारण बेरीबेरी हा तांदूळ खाणाऱ्यांचा, पूर्वेकडच्या लोकांचा रोग, असा समज होता. इथे तर सगळे पाव-मांस खाणारे.

तेव्हा न्यूयॉर्कच्या ‘ग्लोब’ वर्तमानपत्रात आल्फ्रेड मॅककन नावाचे एक गृहस्थ अन्नातल्या भेसळीवर, मैद्यावर, साखरेवर तावातावाने लिहायचे. ते काही डॉक्टर नव्हते. ते बोटीवर गेले, आजाऱ्यांना भेटले आणि सगळ्यांत आधी त्यांनी काय विचारलं असेल? तुम्ही काय खात होतात? आपल्यातली कुठलीही म्हातारी हेच विचारेल. पकडलेल्या जहाजांवरची जी थोडीफार ताजी फळं-भाजी मिळाली ती अधिकाऱ्यांच्या पंगतीला गेली आणि अधिकाऱ्यांना हा आजार झाला नाही, हेही मॅककन यांनी लिहून ठेवलं आहे. पंगत एकच असली तरी वाढणारा हात कुणाकडे झुकतो, हे आपण बायका चांगलं ओळखतो. आपल्या घरातही शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या ताटात भाजी किती उरते ते बघा.

मॅककन यांनी डॉक्टर पेरेनॉन यांना एक इलाज सुचवला. दुसरं काही चालत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी तो मानला. आता हा इलाज नीट ऐका, कारण तो औषधाच्या दुकानातला नाही.

गव्हाचा कोंडा घ्यायचा. त्याच्या दुप्पट पाणी. मंद उष्णतेवर बारा तास ठेवायचं, मग गाळून ते पाणी प्रत्येकाला रोज सकाळी पेलाभर पाजायचं. वर चमचाभर कोंडा सकाळ-संध्याकाळ. कोबी, गाजर, पालक, कांदा, सलगम एकत्र उकळून त्याचा रस्सा भरपूर द्यायचा. बटाट्याची साल जाड काढायची, ती उकळायची आणि त्या सालींचं पाणी प्यायला द्यायचं. दुधात अंड्याचा पिवळा बलक घालून दर काही तासांनी. सफरचंदं. पाव द्यायचा तो सगळ्या कोंड्यासकट दळलेल्या गव्हाचा. मैद्याचा पाव, बिस्किटं, साखर, खारवलेलं मांस, कॉफी बंद.

म्हणजे बघा, त्या मोठ्या बोटीच्या स्वयंपाकघरातून जे जे आठ महिने फेकून दिलं गेलं, तेच उकळून त्या माणसांना पाजलं. साल, कोंडा, भाजीचं पाणी.

नवीन माणूस आजारी पडणं थांबलं. दहा दिवसांत चाळीसहून अधिक जण अंथरुणातून उठून पायांवर चालू लागले.

आमच्या बैठकीत इथपर्यंत सांगितलं तेव्हा एक आजी म्हणाल्या, “म्हणजे त्यांनी पेजच पाजली की!” सगळ्या हसलो. पण आजींचं काही चुकलं नव्हतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मॅककन यांचा इलाज बरोबर होता, पण त्यांनी दिलेलं कारण बरोबर नव्हतं. त्यांना वाटलं, असल्या खाण्याने रक्तात आम्ल वाढतं आणि त्यातून हा रोग होतो. खरं कारण वेगळं होतं आणि त्याचा माग पूर्वेकडे आधीच लागलेला होता. जपानच्या आरमारात खलाशी याच रोगाने मरत होते. पांढरा भात हेच त्यांचं मुख्य खाणं. १८८४ मध्ये ताकाकी या आरमारी डॉक्टरांनी एका जहाजावरचं जेवण बदलून ते लांबच्या सफरीवर पाठवलं. त्याच वाटेने आदल्या सफरीत दुसऱ्या जहाजावरचे पंचवीस खलाशी बेरीबेरीने मेले होते. या वेळी त्या रोगाने एकही मेला नाही.

आणि मग कोंबड्यांची गोष्ट. ही तर आपल्या परसातलीच वाटावी. जावा बेटावर आयकमन नावाचे डच डॉक्टर बेरीबेरीचा अभ्यास करत होते. त्यांनी प्रयोगाला कोंबड्या पाळल्या होत्या. एकदा त्या कोंबड्या लुळ्या पडू लागल्या, पाय फाकू लागल्या. काही दिवसांनी आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केल्यावर कळलं की मधे त्यांना लष्करी दवाखान्याच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. नवा आचारी आला, तो म्हणाला, लष्कराचा भात बाहेरच्या कोंबड्यांना कशाला? त्याने तो बंद केला. कोंबड्या पुन्हा साधा, कोंड्याचा तांदूळ खाऊ लागल्या आणि उठल्या. एका चिकट आचाऱ्याने जगाला केवढी गोष्ट शिकवली! हे सगळं क्रोनप्रिन्झ पाण्यात पडायच्याही आधीचं. आयकमन यांना पुढे १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. आचाऱ्याचं नाव कुणी विचारलं नाही.

म्हणजे ज्ञान होतं. पण ते भात खाणाऱ्या देशांतून आलेलं, म्हणून पाव खाणाऱ्यांनी आपल्याला लावून घेतलं नाही. दाणा भाताचा असो की गव्हाचा, साल काढून घासूनपुसून पांढरा केला की त्याच्या अंगचं एक सत्त्व निघून जातं. त्याला आज आपण ब-१ जीवनसत्त्व म्हणतो. डॉक्टर थायमिन म्हणतात. हे सत्त्व अंगात फार दिवस साठत नाही, थोडं थोडं रोज पोटात जावं लागतं. आणि ते पाण्यात विरघळतं. म्हणून त्या बोटीवर भाजीचं, सालीचं, कोंड्याचं पाणी उपयोगी पडलं. म्हणूनच तांदूळ चार-चार पाण्यांनी खसखसून धुतला, भात वेळून ते पाणी ओतून दिलं, की उरलंसुरलंही मोरीत जातं.

आपल्या उकड्या तांदळाची गंमत इथे कळते. भात आधी भिजवून, उकडून, वाळवून मग गिरणीत घालतो ना, तेव्हा सालीखालचं सत्त्व आतल्या दाण्यात मुरतं. मग गिरणीत घासला तरी सगळं जात नाही. ज्या भागांत उकडा खातात तिथे बेरीबेरी कमी, हे डॉक्टरांनी फार पूर्वीच नोंदवलं आहे. आपल्या आज्यांना जीवनसत्त्व हा शब्द माहीत नव्हता, पण उकड्याची पेज त्या पीत होत्या.

आता कुणी म्हणेल, आम्हाला कुठे झालाय बेरीबेरी? खरं आहे. आपल्या जेवणात डाळ असते, कुळीथ असतो, नाचणी असते, शेंगदाणे असतात, भाजीपाला असतो. नुसत्या पांढऱ्या भाताने माणूस लगेच लुळा पडत नाही. भीती घालायला हे आम्ही सांगत नाही. पण घरात एक बाई अशी असते की तिच्या ताटातून हे सगळं आपणच काढून घेतो. बाळंतीण. डाळ नको, बाळाला वारा धरेल. पालेभाजी नको. फळ नको, थंड पडेल. मग उरतं काय? मऊ पांढरा भात, तूप, मीठ. महिना-महिना, दोन-दोन महिने. त्या बोटीवरच्या खाण्याशी ताडून बघा.

काश्मीरमधल्या आणि कर्नाटकाच्या किनारपट्टीवरच्या डॉक्टरांनी गेल्या काही वर्षांत असं लिहिलं आहे की, दोन-चार महिन्यांची, निव्वळ अंगावर पिणारी गुटगुटीत बाळं एकाएकी धापा टाकत दवाखान्यात येतात. दूध सोडतात, रडताना आवाज बसतो, हृदयावर ताण येतो. वेळेवर ओळखून ब-१ जीवनसत्त्व टोचलं तर बरीचशी काही तासांत, एक-दोन दिवसांत सुधारतात. आया बघाव्यात तर पांढऱ्या भातावर आणि पथ्यावर राहिलेल्या. आईच्या अंगात नाही तर दुधात कुठून येणार? बाळ असं धापा टाकू लागलं, दूध घेईना झालं तर घरचं काही करत बसू नका, कोंड्याचं पाणी तर मुळीच पाजू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या आणि बाळंतिणीला काय खायला देत होतो ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. सासूबाईंनी लाजू नये, सुनेने लपवू नये.

गिरणीचं म्हणाल तर आमच्या गटांनी सध्या असं केलं आहे. विकायचा तांदूळ दोन तऱ्हेने काढून देतो, गिऱ्हाइकाला हवा तसा. दोन्हींची पाकिटं शेजारी ठेवतो आणि फरक तोंडाने सांगतो. घरचा आणि बाळंतिणीचा तांदूळ मात्र एकदाच काढायचा, शक्यतो उकडा. कोंडा जास्त दिवस टिकत नाही, खवट होतो, म्हणून असा तांदूळ थोडा थोडाच काढायचा, हेही ध्यानात ठेवा. दुसऱ्यांदा फिरवायचं यंत्र घ्यायचं की नाही, यावर अजून एकमत नाही. काही जणींचं म्हणणं, धंदा आहे, मागणी तसा पुरवठा. त्यांचंही अगदीच खोटं नाही.

क्रोनप्रिन्झचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. अमेरिकेने बोट आणि माणसं दोन्ही अडकवून ठेवली. नॉरफोकच्या आरमारी गोदीत ती बांधून ठेवली. शेजारी अशीच अडकलेली दुसरी जर्मन बोट होती. घरी जाता येईना, काम नाही, तेव्हा दोन्हींवरच्या खलाशांनी गोदीच्या जागेत भंगार लाकडांची छोटी छोटी घरं बांधून एक गावच वसवलं. दोन्ही बोटींची नावं जोडून त्याला ‘आयटेल विल्हेल्म’ म्हणायचे. आसपासचे लोक ते बघायला यायचे. आठ महिने जहाजं बुडवणाऱ्या त्या हातांना घर बांधायची किती हौस होती!

१९१७ मध्ये अमेरिकाही युद्धात उतरली आणि तिने ही बोट ताब्यात घेतली. नाव बदललं, ‘फॉन स्टॉयबेन’ ठेवलं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात तिथल्या सैन्याला शिकवणाऱ्या एका जर्मन सरदाराचं हे नाव. मग ज्या बोटीतून जर्मन कंपनीने गरिबांना अमेरिकेत आणलं, तीच बोट अमेरिकेचे सैनिक भरून जर्मनीशी लढायला युरोपात नेऊ लागली. कुणास ठाऊक, त्या सैनिकांत हिच्याच तिसऱ्या वर्गातून आईच्या कडेवर बसून आलेले किती असतील. नोव्हेंबर १९१७ मध्ये भर समुद्रात ती ‘अगामेम्नॉन’ या जहाजावर आदळली. ती अगामेम्नॉन म्हणजे याच कंपनीची, याच गोदीत बांधलेली आणि तशीच ताब्यात घेतलेली जुनी जर्मन बोट. एका माहेरच्या दोघी एकाच सासरी आल्या आणि वाटेत एकमेकींवर आपटल्या. दोघीही वाचल्या.

युद्ध संपल्यावर तिने सैनिकांना घरी आणायचं काम केलं. मग तिची गरज उरली नाही. १९२३ मध्ये ती भंगारवाल्यांकडे गेली आणि तिचे तुकडे झाले.

त्यानंतर तीन वर्षांनी, १९२६ मध्ये, त्याच कोंबड्यांच्या जावा बेटावर यान्सेन आणि डोनाथ या दोन शास्त्रज्ञांनी पोतीच्या पोती भाताचा कोंडा घेऊन त्यातलं ते सत्त्व पहिल्यांदा वेगळं काढलं. एवढ्या कोंड्यातून हाती आलं ते चिमूटभरसुद्धा नव्हतं.